घर क्रमांक एक

असोदा,
१४ जून २०२५

चि. दिपमाला हीस,
वहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आशीर्वाद वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, तर पडू दे. शाळेत आपण एका बाकावर बसलो हे खरं, पण मी तुझ्या दादाची बायको, म्हणजे नात्याने मोठी. मोठं होण्याची संधी मला दुसरीकडे कुठे मिळते? मग इथे तरी घेते.

पत्र लिहायला नानांनी बसवलं आहे. आखाजीला तू माहेरी आलीस तेव्हा आपण भांडलो आणि त्यानंतर तीन वेळा फोनवर भांडलो. चौथ्या वेळी नानांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. यापुढे नणंद-भावजयींनी एकमेकींना पत्रं लिहायची, असा हुकूम निघाला. तीस वर्षं त्यांनी गावात टपाल वाटलं, त्यामुळे त्यांची अशी ठाम समजूत आहे की कागदावर ओरडता येत नाही. येतं की नाही ते बघू.

तर आखाजीचंच पुन्हा लिहिते. पेपरात तुझा फोटो आला. मागे संगणक, पुढे तू, आणि वर मोठ्या अक्षरात की धुळ्याच्या संशोधिकेने गणिताने लपलेला कुष्ठरोग हुडकला. आईंनी तो फोटो कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवला आहे. रोज सकाळी दिवा लावताना मला तुझं दर्शन घडतं. दिपमाला, मी खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट होतो. कुष्ठरोग हुडकायला घरोघर जातं कोण? आम्ही आशा सेविका. उन्हात माणसांना पाठमोरं बसवून चट्टे बघायचे, पेनाचं टोक टेकवून कळतं का विचारायचं, वहीत लिहायचं, ती वही वर जाणार आणि त्यातून तुझा फोटो निघणार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. संगणकाच्या पायाला भेगा पडत नाहीत.

दहावीला गणितात मला दीडशेपैकी एकशे सत्तेचाळीस होते आणि तुला एकशे एकेचाळीस. हे मी विसरलेले नाही आणि तूही विसरली नसशील. पुढे मी बोहल्यावर चढले आणि तू माझ्या वह्या घेऊन कॉलेजात गेलीस.

असो. घरी सगळं ठीक. संध्याकाळी ओट्यावर गणिताच्या शिकवणीला रस्त्यापलीकडची नऊ मुलं येतात, त्यांचे पाढे पाठ होईस्तोवर माझा घसा बसतो. आपल्या केळीच्या बागेत घड उतरवणं चालू आहे, चिकाने माझी बोटं काळी आणि बधिर होऊन गेली आहेत. काल तर गंमत झाली. उपकेंद्रातून घरी आले तर डाव्या पायात चप्पल नाही. रस्त्यात कुठे गळाली कळलंच नाही. आई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

तुझा राग आहेच, पण शनिवारी भाताऐवजी काहीतरी धड खात जा.

लोभ जेवढा शिल्लक असेल तेवढा राहू द्यावा.

तुझी,
पुनम वहिनी

———

धुळे,
२ जुलै २०२५

सौ. पुनम वहिनीस,
दिपमालाचा सा. न. वि. वि.

आशीर्वाद मिळाले. जपून ठेवले आहेत, कारण पुढच्या पत्रात शिव्या येणार हे मला माहीत आहे.

फोटोचं तुझं खरं आहे. मी त्या पत्रकाराला तुम्हा सगळ्यांची नावं सांगितली होती, त्याने छापली नाहीत, पण मी त्याच्या मागे लागून छापायला लावली असती तर छापली असती. मी लागले नाही. फोटो चांगला आला होता, म्हणून गप्प बसले.

पण जळण्याचा मक्ता तू एकटीने घेतलेला नाहीस. माझ्या खोलीत तू झोपतेस. माझी आई तुझ्याकडून कंबर चेपून घेते. मी घरी आले की ती मला पाहुणीसारखा पाट मांडते आणि तुला मात्र हाताला धरून चुलीपाशी नेते. आणि दर हिवाळ्यात तीच कथा, की पुनम कपाशीच्या पेटत्या पऱ्हाटीतून वांगं काढते आणि नुसत्या हाताने सोलते, आमची दिपमाला चमचा शोधते. माझ्या पदव्या तिने कोणाला सांगितल्याचं मी ऐकलं नाही. तुझे हात सगळ्या गल्लीला माहीत आहेत.

आता कामाचं लिहिते, नीट वाच. नाना केळीची बाग न मोजता घडांचा अंदाज सांगतात ना? दोन ओळी बघतात, चार झाडं बघतात, आणि सांगतात की इतके घड निघतील. माझं गणित त्याहून वेगळं नाही. आपल्या गावात रस्त्यापलीकडच्या वस्तीत, म्हणजे धुरपदाबाईच्या भागात, दोन वर्षांत तीन लहान मुलांना चट्टे निघाले. कुष्ठरोग फार हळू पसरतो. लहान मुलाला तो झाला म्हणजे जवळपास कोणीतरी मोठं माणूस तो कित्येक वर्षं घेऊन फिरतं आहे आणि त्याला स्वतःलाही माहीत नाही. धुरपदाबाईने तिची वस्ती दोनदा पिंजून काढली, तिला कोणी सापडलं नाही. मग गणित रस्ता ओलांडतं आणि तुझ्या भागात येतं. तिथे ते म्हणतं की एक माणूस नक्की असावं, कदाचित दोन. तुझी वही म्हणते शून्य. चार वर्षं शून्य.

मी तुला खोटारडी म्हणत नाही. तुझ्या वहीची झेरॉक्स पाठव, एवढंच मागते. इतकी स्वच्छ वही मी कुठल्याच गावची पाहिली नाही आणि त्याचीच मला काळजी वाटते.

आईला सांग, शनिवारी मी भात खात नाही, खिचडी खाते.

भांडण चालू ठेवून माया करता येते, तशी करावी ही विनंती.

तुझी,
दिपमाला

———

असोदा,
१२ ऑगस्ट २०२५

चि. दिपमाला हीस,
आशीर्वाद या वेळी मोजकेच आहेत.

कानबाईचे रोट झाले. तू आली नाहीस, आईंनी तुझ्या वाटचा रोट दोन दिवस झाकून ठेवला. मी तो गाईला घातला, आणि तसं करताना मला वाईट वाटलं नाही.

झेरॉक्स तुझ्या दादाबरोबर पाठवली आहे. दोनशे बारा घरं, एक हजार त्रेचाळीस माणसं. हव्या त्या पानावर बोट ठेव. पुरुषांना आमच्याबरोबरचा भूषण तपासतो आणि बायकांना मी. ज्या बायका नवऱ्यासमोर पदर काढत नाहीत त्यांना मी गोठ्यात नेऊन तपासलं आहे. माझ्या वहीत एक खाडाखोड दाखव, मी नोकरी सोडते.

तू म्हणशील वही इतकी स्वच्छ कशी. ती माझी पद्धत आहे. मोहिमेच्या पहिल्या दिवशी, घरातून निघण्याआधी, मी वर श्री लिहिते आणि पहिल्या ओळीत आपलंच घर लिहिते. घर क्रमांक एक, माणसं सहा, निरंक. दुकानदार सकाळी भवानी घेतो तशी ही माझी भवानी. पहिली ओळ चांगली गेली की वही चांगली जाते.

तुला काय लिहावं कळत नाही, पण लिहितेच. आमच्याकडे गटप्रवर्तकाची जागा निघाली आहे. वीस आशांवर एक देखरेखीची बाई. जानेवारीत मुलाखत आहे आणि तालुक्याला सगळ्यांना माहीत आहे की माझी वही एक नंबर. लग्नानंतर सोळा वर्षांत ही पहिली गोष्ट अशी आहे जी मला कोणाची सून, कोणाची बायको म्हणून मिळणार नाही. आता तू तुझ्या अहवालात लिहिणार की असोद्याच्या या भागात शून्य कसं शक्य आहे, फेरतपासणी करा. मग बाहेरच्या बायका माझ्या गल्लीत माझ्याच माणसांना पुन्हा पाठमोरं बसवणार. मी कोणाला काय तोंड दाखवू?

नाव तुझं होणार असेल तर होऊ दे. माझं जाऊ देऊ नकोस, एवढंच मागणं आहे.

अक्षर वाकडं आलं आहे, पेन बोटांतून सटकतं. नवीन पेनं घसरगुंडी असतात.

लोभ ठेवायचा की नाही, हे तुझ्या अहवालावर सोडते.

तुझी,
पुनम

———

धुळे,
२० सप्टेंबर २०२५

प्रिय पुनम,
स. न. वि. वि. वहिनी लिहीत नाही, रागावू नकोस. हे पत्र एका बाकावरच्या मुलीला आहे.

अहवाल सव्वा महिना अडवून ठेवला होता. वरून दोनदा विचारणा झाली. काल दिला. फेरतपासणीच्या यादीत तुझा भाग आहे.

तुला एक सांगायचं राहिलं ते आता सांगते, कारण ते लपवून हे पत्र पाठवणं मला जमेना. गणिताचं उत्तर पहिल्यांदा आलं आणि तुझ्या शून्याच्या जागी एक दिसला, तेव्हा मला आनंद झाला होता. रोगाचा नव्हे, तू चुकल्याचा. दहावीच्या सराव परीक्षेत सरांनी तुझे दोन गुण कापले होते तेव्हा झाला होता तसाच. मग मी खुर्चीत बसून राहिले आणि माझी मलाच शिसारी आली. म्हणून सव्वा महिना अडवला. आणि म्हणूनच शेवटी दिला, कारण तुझ्या गल्लीत कोणाचा तरी हात किंवा पाय हळूहळू जातो आहे आणि आपल्या दोघींच्या मत्सरात त्याचे दिवस जात आहेत.

माझं चुकलं असेल तर आईचा आशीर्वाद घेऊन मी फोटो देव्हाऱ्याशेजारून स्वतः काढीन.

रुसून का होईना, पत्र पाठवावं.

दिपमाला

———

असोदा,
२८ नोव्हेंबर २०२५

चि. दिपमाला हीस,
वहिनीचे भरभरून, ओसंडून वाहणारे आशीर्वाद.

फोटो काढायला कधी येतेस?

तुझी फेरतपासणीची पलटण येऊन गेली. यावलकडच्या दोन बाया, ललिता आणि रुपली, दोघी कामाला वाघिणी. तीन दिवस राबल्या. मी पहिल्या दिवशी तोंड फुगवून बसले होते, दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागोमाग फिरले, कारण कुठल्या घरी कुत्रं चावतं हे त्यांना कोण सांगणार. दोनशे अकरा घरं त्यांनी पुन्हा पाहिली. आमच्या घरी त्या तपासायला नव्हे, चहाला थांबल्या. माझी ओळ त्यांनी माझ्याच वहीतून उतरवून घेतली, म्हणाल्या की तुम्हालाच काय तपासायचं. आणि निकाल काय तर निरंक. माझं शून्य शून्यच निघालं. तुझं गणित नापास झालं, बाई. एकशे एकेचाळीसवाल्यांनी एकशे सत्तेचाळीसवाल्यांच्या वह्या तपासू नयेत.

परवा चंपाषष्ठी झाली. चातुर्मासभर वांग्याचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यामुळे शेतात भरिताचा मोठा घाट घातला, चाळीस माणसं. मी रागाने म्हण की आनंदाने, यंदा कमाल केली. पऱ्हाटीच्या जाळातून सरळ वांगं उचलायचं, साल ओढायची, काठवटीत टाकायचं. शेजारी पाण्याची वाटी ठेवली होती, तिला बोट लावलं नाही. दरवर्षी थोडं तरी पोळतं, यंदा तेवढंही नाही. धुरपदाबाई मोजत होती, एका दमात पंचवीस वांगी. आई सगळ्यांना हाताला धरून आणत होत्या आणि दाखवत होत्या की बघा माझ्या सुनेचे हात, लोखंडाचे आहेत. तू असतीस तर जळून खाक झाली असतीस, म्हणून तुझी फार आठवण आली.

कळण्याच्या पुऱ्या जास्त झाल्या होत्या, तुला पाठवाव्या असं आईंच्या मनात होतं. मी म्हटलं, नापास मुलीला डबा नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला हे एवढे फोड. कधी आले कळलंही नाही. भरिताची धुंदी, दुसरं काय.

जानेवारीतल्या मुलाखतीला निळी साडी नेसू की मोरपंखी, ते कळव. पराभूत पक्षाने सल्ला द्यायला हरकत नाही.

आता लोभाला काही तोटा नाही, दोन्ही हातांनी घे.

विजयी,
पुनम वहिनी

———

धुळे,
२ डिसेंबर २०२५

प्रिय पुनम,

नमस्कार वगैरे नंतर. आधी खाली बस.

दादा आज बियाण्यांच्या कामाला धुळ्याला आला आहे, त्याच्याच हाती हे पत्र देते, म्हणजे संध्याकाळी तुला मिळेल. फोन हातात घेतला होता. पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला तोडशील. कागदावरचं तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेस, शाळेपासून तुझी सवय आहे. तेव्हा वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आधी चिडले. मग करंगळीच्या ओळीपाशी अडखळले. मग तुझी सगळी पत्रं काढली आणि टेबलावर ओळीने मांडली. जूनमध्ये तुझी चप्पल पायातून गळाली आणि तुला कळलं नाही. बोटं बधिर झाली, त्याचा दोष तू चिकाला दिलास. ऑगस्टमध्ये पेन सटकतं म्हणून पेनाला नावं ठेवलीस. जूनच्या पत्रातलं तुझं अक्षर आणि नोव्हेंबरच्या पत्रातलं अक्षर एका बाईचं वाटत नाही. आणि आता जाळातून काढलेलं वांगं तुला पोळत नाही. पुनम, हीच चार वाक्यं दुसऱ्या कुठल्या बाईने तुला सांगितली असती तर तू तिला तिथल्या तिथे पाठमोरं बसवलं असतंस.

घर क्रमांक एक कोण तपासतं?

तुझ्या चुकीएवढीच माझीही आहे, तीही सांगते. माझ्या गणितात प्रत्येक घरामागे थोडी शंका धरलेली असते, की इथे एखादा रुग्ण नजरेतून सुटला असेल. फक्त तपासणी करणाऱ्यांच्या घरांना मी शंका लावली नाही. त्यांना पूर्ण खात्री दिली. तुझ्या घराला देताना तर मी विचारही केला नाही, ते माझंच घर होतं.

रस्त्यापलीकडची ती नऊ मुलं रोज तुझ्या ओट्यावर बसतात, हे तुझ्या पहिल्याच पत्रात होतं. मी ते वाचलं होतं आणि तू घसा बसल्याची तक्रार करतेस म्हणून हसले होते.

उद्या सकाळी उजेडात, नानांना पेन घेऊन बसव. डोळे मीट. हात कोपरापर्यंत, दोन्ही. कोपराच्या मागे तुला स्वतःला दिसत नाही, तिथे आईला बघायला सांग. माझं चुकलेलं असू दे, मी जन्मभर एकशे एकेचाळीस राहीन. शनिवारी मी येतेच आहे. आलं असेल तर औषध आहे, फुकट आहे, बरं होतं, हे तू हजार घरांत सांगितलं आहेस. तेच आता स्वतःला सांग.

रागाव, पण आधी डोळे मीट.

तुझी,
दिपमाला

———

असोदा,
३ डिसेंबर २०२५

चि. दिपमाला हीस,
नानांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पुनमने काल दिवेलागणीला वाचलं, घडी करून डब्याखाली ठेवलं आणि पोळ्या केल्या. सकाळी चहा झाल्यावर माझ्यासमोर येऊन बसली आणि पेन माझ्या हातात दिलं.

तिने मला रीत शिकवली. टोक हलकेच टेकवायचं, दाबायचं नाही, आणि जिथे कळेल तिथे ती बोट ठेवणार. मी म्हटलं, तू मोजतही जा, तुला आकड्यांची सवय आहे. ती डोळे मिटून मोजत गेली. मी सतरा वेळा पेन टेकवलं. तिने अकरा मोजले. मग म्हणाली, नाना, तुम्ही चुकलात, पुन्हा करा. पुन्हा केलं. पुन्हा अकरा. तिसऱ्यांदा करा असं ती म्हणाली नाही. कोपराच्या मागे रुपयाएवढा फिकट चट्टा आहे, तो तुझ्या आईने पाहिला.

आजवर गावात मी बऱ्यावाईट बातमीची किती पत्रं दिली त्याला गणती नाही. पत्र द्यायचं आणि उंबऱ्यावरून मागे फिरायचं, एवढंच माझं काम असायचं. आज मागे फिरायला जागा नव्हती.

तुझी आई चुलीपाशी बसून आहे. तिचं एकच पालुपद चाललं आहे, मन्हाच तोंडनी नजर लागनी. मी तिला सांगितलं की नजर नव्हे, जंतू आहे, आणि तो जातो. तिला पटलेलं नाही. तुझा दादा प्रेमराज पुनमला घेऊन जळगावला दवाखान्यात गेला आहे. जाताना ती मला म्हणाली की वही तिथे फळीवर आहे, तिला कोणी हात लावू नये.

शनिवारी ये. तुम्ही दोघी भांडलात तरी चालेल, मी फोन काढून घेणार नाही.

आमची माया तू जाणतेसच, वेगळी लिहीत नाही.

नाना

———

असोदा,
९ मार्च २०२६

प्रिय दिपमाला हीस,
आशीर्वाद आणि नमस्कार दोन्ही पाठवते, तुला हवं ते ठेवून घे, उरेल ते परत कर.

तू येऊन गेल्याला आता महिना झाला. डिसेंबरातल्या त्या शनिवारी आलीस तेव्हाही मी तुझ्याशी धड बोलले नाही आणि त्यानंतर तीनदा आलीस तेव्हाही नाही. तू स्वतःचे हात-पाय तपासून घेतलेस, आपण एका बाकावर बसायचो म्हणून, आणि ते सांगताना तू रडलीस. मला त्या वेळी काय वाटलं सांगू? तुझं निरंक आलं म्हणून मी जळले. आता लिहून टाकलं, मोकळी झाले.

औषधाचं तिसरं पाकीट संपत आलं. अंग थोडं काळवंडलं आहे, डॉक्टरांनी सांगितलं होतं की तसं होतं आणि मग जातं. घरातल्या सगळ्यांनी प्रतिबंधाच्या गोळ्या घेतल्या. आईंनी त्यांची गोळी आधी देवापुढे ठेवली, मग घेतली. दोन्ही बोटं थोडी वाकली आहेत, ती सरळ होतील की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. रोज सकाळी, उजेडात, दोन्ही हात पाण्यात भिजवून तेल लावते आणि डोळ्यांनी तपासते. बोटांना कळत नाही ते डोळ्यांनी बघायचं, अशी सवय करते आहे. त्याचीही एक वही केली आहे.

ओट्यावरची शिकवणी मी आपणहून बंद केली होती. तू सांगितलंस की गणित कोणाकडे बोट दाखवत नाही, मुलांना कोणापासून झालं हे कोणी सांगू शकत नाही, आणि औषध चालू झाल्यावर आता माझ्यापासून कोणाला धोका नाही. तरी मी बंद केली. आठवड्याने धुरपदाबाई त्या नऊही पोरांना घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, तूच आम्हाला शिकवलंस की या रोगाला भ्यायचं नाही, मग आता कोणाला भितेस? ओट्यावर सतरंजी तिनेच टाकली.

मुलाखतीला गेले होते, निळी साडी नेसून. साहेबांनी वहीचं कौतुक केलं आणि शून्याचं रहस्य विचारलं. मी सांगितलं की माझं शून्य एक होतं आणि तो एक मी. जागा धुरपदाबाईला मिळाली. ती अकरावी नापास आहे. मी तिचं अभिनंदन केलं, पेढा खाल्ला आणि घरी येऊन भांडी आपटली. हा मत्सराचा रोग औषधाच्या पाकिटाने जात नाही, तुझ्या संशोधन केंद्रात त्याचं काही गणित असेल तर कळव.

पण एक गोष्ट केली आहे, ती तुला आवडेल. दवाखान्यातून आल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळत होता की भवानी काय मी एकटीच करते? महिन्याच्या बैठकीत सगळ्या जणींना विचारलं. तेवीसपैकी एकोणीस जणी पहिल्या ओळीत स्वतःचं घर लिहितात, निघण्याआधी, न तपासता. काहीजणी तर वर हळदीकुंकू वाहतात. म्हणजे तू ज्या घरांना पूर्ण खात्री दिलीस ती एकोणीस घरं कोणीच पाहिलेली नाहीत. मग आम्ही ठरवलं, घरं बदलायची. माझं धुरपदाबाई बघणार, तिचं मी, अशी साखळी. पंधरा दिवसांत दोन निघाले. एकीची सासू आणि एकीचा दीर उखर्डू, त्याच्या तळपायाला जखम होती आणि तो वर्षभर बुटाला दोष देत होता. दोघांचं औषध चालू झालं. तुझ्या संगणकाला सांग, ती शंका आमच्या घरांना सगळ्यांत जास्त लाव. हे आकडे मी काढले आहेत, हे लक्षात असू दे.

तू विचारलंस की या कामाचा जो लेख छापायचा आहे त्यात माझं नाव आधी घालू की तुझं. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. वीस वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर मी कागद फाडून तुझ्या हातातून पेन घेतलं असतं. आता दुसरं घाल. पहिल्या ओळीतल्याला कोणी तपासत नाही, हे मला चांगलं समजलं आहे. तुझं नाव वर राहू दे, मी खालून तपासत राहीन.

यंदाची वांगी संपत आली. काल शेवटचं भरीत केलं, घरापुरतं, अंगणात. आईंनी मला जाळापासून चार हात लांब पाटावर बसवलं आणि स्वतः चमचा घेऊन सोलत बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा चमचा. पाण्याची वाटी शेजारी, बोटं फुंकताहेत, सालं भरितात पडताहेत, आणि मला म्हणतात की आमची दिपमाला करते तीच रीत बरी. मी जळले की नाही, सांग बरं. तुझा फोटो देव्हाऱ्याशेजारून हलला नाही. फक्त खाली आईंनी माझ्या औषधाचं रिकामं पाकीट चिकटवलं आहे.

लोभाचं आता वेगळं काय मागू, तो तू माझ्या वाकड्या अक्षरातून आधीच वाचून घेतला आहेस.

तुझी,
पुनम

ता. क. पाकीट बंद करायचं राहिलं होतं म्हणून लिहिते. आत्ता चहाचं पातेलं उतरवलं तर त्याच वाकड्या करंगळीला चटका बसला. मी हात मागे घेतला. मग वाटलं, चटका बाकीच्या बोटांना बसला असेल, फसवणूक नको, म्हणून ती एकटी करंगळी पुन्हा पातेल्याला टेकवून पाहिली. पुन्हा बसला. घरात अजून कोणाला सांगितलं नाही. तुझ्या वहीत लिहून घे.